निळ्या पायजम्यातल्या मेंढ्या

“मेंढ्यांनी निळे पायजमे घातलेत!”

सत्यम धापा टाकत ओसरीवर आला आणि एका दमात एवढंच बोलला. त्याच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी वाटेत कुठंतरी राहिली होती.

दीपमालानं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. शेजारची वही ओढली, पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि म्हणाली, “थाप नंबर अठरा.”

“थाप नाही! आईशप्पथ!”

“आईशप्पथ तू नंबर बाराला पण म्हणाला होतास. डोहात पाणघोडा आहे म्हणून.”

“ती म्हैस होती. पण ती पाण्यात बसल्यावर तिचं नुसतं नाक...”

“अठरा! अठरा!” सात वर्षांचा माऊली टाळ्या वाजवत ओरडला. दीपमालाच्या या धाकट्या भावाला आकडे मोठे होत गेले की फार आनंद व्हायचा.

सत्यम छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत राहायचा. यंदा सहावी संपवून तो सुट्टीला मोरखडीला, सोमनाथमामांकडे आला होता. मोरखडी हे शेंद्र्याच्या पलीकडचं लहानसं गाव. मामा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचे आणि उरलेल्या वेळात शेती बघायचे. दीपमाला ही त्यांची मुलगी, सत्यमपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी मोठी असल्यासारखी वागणारी!

सत्यम काही वाईट मुलगा नव्हता. खरी गोष्ट त्याला नेहमी थोडी आखूड वाटायची, एवढंच. मग तो तिला जोड द्यायचा. साप दिसला की अजगर दिसला म्हणायचा. पाच कैऱ्या पाडल्या की पोतंभर पाडल्या म्हणायचा. त्यामुळे झालं असं, की गावात आता त्याला कोणी सत्यम म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, “काय पाणघोडे, कुठं निघालात?”

“चल तू,” त्यानं दीपमालाचा हात ओढला. “खोटं निघालं तर वहीत एकदम दहा रेघा मार!”

दहा रेघांची लालूच मोठी होती. दीपमाला उठली.

काकासाहेबांच्या मोकळ्या रानात बानाबाईंचा मुक्काम होता. पीक निघालं की दर उन्हाळ्यात त्या आपली साठेक मेंढरं घेऊन इथं यायच्या. रात्री मेंढ्या रानात बसवायच्या. रानाला लेंडीखत मिळायचं आणि बानाबाईंना धान्य. त्यांच्याबरोबर त्यांची नात सुकेशनी असायची, एक घोडं, पाच कोंबड्या आणि सुलतान नावाचा पिवळट रंगाचा, वासराएवढा कुत्रा.

आज सुकेशनी नेहमीसारखी काठी फिरवत नव्हती. ती एका कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दीपमालानं मेंढ्यांकडे पाहिलं. डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

काळ्या मेंढ्या काळ्याच होत्या. पण कळपात ज्या पांढऱ्या होत्या, त्या प्रत्येकीचे चारही पाय आणि पोट निळंशार झालं होतं. पाठ पांढरी, खाली निळी! अगदी पायजमा घातल्यासारखी!

“अगं बाई!” दीपमाला म्हणाली. मग तिनं वहीतली अठरावी रेघ खोडरबरानं खोडून टाकली. असं पहिल्यांदाच घडत होतं.

“किती आहेत गं?” तिनं विचारलं.

“शंभर!” सत्यम म्हणाला.

“अकरा,” सुकेशनी म्हणाली. “मोजता येत नाय का रे तुला? आणि हसू नगा कुणी. दोन कोकरं आजारी हायेत. दूध पीत नायत.”

तेवढ्यात फटफट आवाज करत काकासाहेबांची गाडी आली. काकासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांची मोसंबीची बाग नाल्यापर्यंत पसरलेली होती. गाडीवरून न उतरताच ते म्हणाले, “बानाबाई, हे काय ऐकतोय मी? मेंढ्यांना रोग आलाय म्हणे!”

“रोग नाय वो, काकासाहेब,” बानाबाई पालाबाहेर आल्या. “रंग हाय कायतरी. मी तीन येळा धुतलं, पर जाईना.”

“रंग कुठनं येईल? होळी होऊन दोन महिने झाले! हा काहीतरी नवीन रोग आहे. माझ्या गोठ्यात चौदा जनावरं आहेत, बानाबाई. मी धोका घेणार नाही. शुक्रवारी सकाळी तुम्ही इथनं मुक्काम हलवा.”

“आवो, पर या उन्हात कोकरं चालायची न्हाईत! आणि एकदा का रोगाचं नाव झालं, तर आम्हाला पुढं कोन रानात बसू दील?”

“शुक्रवार,” काकासाहेब म्हणाले आणि गाडी वळवून गेलेसुद्धा.

पदरानं तोंड पुसून बानाबाई आत गेल्या. आज सोमवार होता.

सुकेशनीनं कोकराच्या मानेवरून हात फिरवला. ते कोकरू तर जवळजवळ गळ्यापर्यंत निळं होतं.

“याचा पायजमा मोठा झालाय,” माऊली म्हणाला.

“गप रे,” दीपमाला म्हणाली.

“नाही, थांब!” सत्यम एकदम ओरडला. “बरोबर बोलतोय तो! कोकरू गळ्यापर्यंत निळं. मेंढी पोटापर्यंत. आणि तो उंच एडका बघा, नुसता गुडघ्याच्या वरपर्यंत!”

त्यानं सुकेशनीची काठी घेतली. एका मेंढीजवळ जमिनीवर उभी धरली आणि निळा रंग जिथं संपत होता, तिथं नखानं खूण केली. मग काठी एडक्याजवळ नेली. मग कोकराजवळ. खूण तिन्ही ठिकाणी जुळली!

“रोग काय उंची मोजून येतो का?” सत्यम म्हणाला. “ह्या सगळ्या एवढ्याच खोल पाण्यात उभ्या होत्या!”

दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. “सत्यम, तू हे खरंखुरं मोजलंस?”

“मग काय!”

सुकेशनी ताडकन उठली. “डोह! शनवारी आम्ही मेंढरं डोहातून काढली की! पावसाच्या आधी कातरणी असती ना, तवा आधी पाण्यातून काढायची, म्हंजी लोकरीतली माती निघती. यंदा पाणी कमी हाय. पोटापर्यंतच लागलं.”

“आणि कोकरं पाणी प्यायली?”

“ती दोन प्यायली,” सुकेशनी हळूच म्हणाली.

चौघं नाल्याकडे पळाले.

नाला कोरडा ठणठणीत होता. फक्त एका वळणावर खडकाच्या पोटात डोह होता. त्यातलं पाणी उन्हाळाभर टिकायचं. ते निळं मात्र दिसत नव्हतं. नेहमीसारखंच काळपट हिरवं, वर शेवाळ आणि बाभळीचा पाला.

“हात्तिच्या!” माऊली हिरमुसला.

पण दीपमालानं आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं आणि डोहातलं पाणी तिच्यात भरून उन्हाकडे धरलं. अगदी फिकट, शाईची दौत धुतल्यासारखी निळी झाक होती. तिनं सुकेशनीकडून पांढऱ्या लोकरीचा एक पुंजका घेतला, माऊलीच्या खिशातून पांढरा सुती रुमाल काढला, आणि दोन्ही बाटलीत कोंबून बाटली तापलेल्या खडकावर ठेवून दिली.

“माझा रुमाल!”

“विज्ञानासाठी दे रे एवढा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली उघडली. रुमाल निळसर झाला होता, पण साबणानं धुतला तर पांढरा झाला. लोकर मात्र निळीची निळीच! कितीही चोळली तरी रंग सुटेना.

बानाबाईंनी तो पुंजका बोटांत धरून पाहिला. “सूत भोळं असतं, पोरी. धुतलं की इसरतं. लोकर तशी नसती. तिनं एकदा धरलं की सोडत नाय.”

“म्हणजे डोहात रंग आहे,” दीपमाला म्हणाली. “पण तिथं आणून टाकला कुणी?”

याचं उत्तर त्यांना त्याच दुपारी मिळालं, तेही झोपल्या झोपल्या!

मे महिन्यात मोरखडीत दुपारी एक ते चार कोणी घराबाहेर पडत नसे. कुत्रीसुद्धा रांजणामागं जाऊन पडायची. मामीनं दार लावून घेतलं होतं आणि मुलांना दटावून चटईवर आडवं केलं होतं. आतल्या खोलीत रात्रपाळी करून आलेले मामा घोरत होते. बाहेर एकदम सामसूम होती.

तेवढ्यात लांबून एक टँकर घुरघुरत गेला.

“पाण्याचा टँकर आला वाटतं वस्तीवर,” मामी झोपेतच म्हणाली.

सत्यमनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. अर्ध्या तासानं टँकर परत गेला. पण या वेळी घुरघुर नव्हती, खडखड होती!

सत्यम उठून बसला. “दीपे!” तो कुजबुजला. “आमच्या कॉलनीत उन्हाळाभर टँकर येतो. मला त्याचा आवाज पाठ आहे. भरलेला घुरघुरतो. रिकामा खडखडतो.”

“मग?”

“हा नाल्याकडे जाताना भरलेला होता आणि येताना रिकामा! नाल्याकडे पाणी कोण नेतं? आणि टँकर आला की हंडे घेऊन बायका धावतात. इथं एक तरी हंडा वाजला का?”

दीपमालानं तोंडावर हात ठेवला. गावातल्या प्रत्येकानं तो आवाज ऐकला होता. पण उन्हाळा म्हटल्यावर टँकर यायचाच! आपल्या वस्तीवर नाही आला, तर शेजारच्या वस्तीवर आला असेल, असं म्हणून प्रत्येकानं कूस बदलली होती.

संध्याकाळी ते चाकांच्या खुणा शोधायला गेले. टँकर गेला होता तो काकासाहेबांच्या मोसंबीतून! बागेच्या कोपऱ्यात ठिबकची नळी गळत होती. तिथल्या ओल्या चिखलात चाकं स्पष्ट उमटली होती. सत्यम पालथा पडून बोटांनी मोजू लागला.

“जाताना चार बोटं खोल. येताना दोन.”

“खरं सांग हां,” दीपमाला म्हणाली.

“तूच मोज!”

तिनं मोजलं. चार आणि दोन!

चौघं तडक काकासाहेबांच्या ओट्यावर गेले. सत्यमनं सगळं सांगितलं. घाईघाईत, हात हलवत, आणि बोलण्याच्या भरात “दहा दहा टँकर येतात” असंही म्हणून गेला. दीपमालानं कपाळावर हात मारला.

काकासाहेब पोट धरून हसले. “अरे, तो रस्त्याच्या कामावर पाणी मारणारा टँकर आहे! माणूस येऊन रीतसर विचारून गेला, बागेतनं जाऊ का म्हणून. मीच हो म्हटलं.”

“पण तिकडे रस्ताच नाही, काकासाहेब!” दीपमाला म्हणाली. “तुम्ही जाऊन बघितलं का?”

“मला शिकवू नकोस. आणि तू रे, तू तोच ना? पाणघोडेवाला?”

ओट्यावरचे सगळे हसले. सत्यम मान खाली घालून परतला. वाटेत सरडा दिसला, तर त्याला तो सरडाच म्हणाला, आणि ही गोष्ट तर वहीत लिहून ठेवण्यासारखी होती!

“माझ्यामुळं झालं,” शेवटी तो म्हणाला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं.”

“रडतो कशाला?” सुकेशनी म्हणाली. “ऐकत नायत, तर दाखवू त्यांना. टँकरवाल्याला तिथंच धरायचा!”

“कसा धरणार? आपण एवढेसे!”

सुकेशनीनं काठी खांद्यावर टाकली. “आपण चौघं नाय काय. साठ मेंढरं हायेत.”

बुधवारी टँकर आलाच नाही. गुरुवारी दुपारी बरोबर दोन वाजता घुरघुर ऐकू आली. उद्या शुक्रवार! बानाबाईंनी भांडीकुंडी बांधायला सुरुवातही केली होती.

सत्यम आणि सुकेशनी बाभळीमागं दबा धरून बसले. टँकर डोहाजवळ उलटा येऊन थांबला. ड्रायव्हरनं मागचा पाइप सोडला, तोटी उघडली आणि भळाभळा गडद निळं पाणी खडकावरून डोहात जाऊ लागलं! मग तो शिडीनं टाकीवर चढला आणि वरचं झाकण उघडून आत डोकावू लागला.

“आता!” सत्यम कुजबुजला.

सुकेशनीनं जिभेनं टक् टक् टक् आवाज काढला. बागेच्या कडेनं साठ मेंढ्या आल्या आणि मोसंबीतल्या त्या एकुलत्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. इकडून तिकडे वाटभर मेंढ्याच मेंढ्या! सुलताननं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग ऊन सोसेना, म्हणून तो आसपासच्या एकमेव सावलीत जाऊन आडवा झाला. ती सावली होती टँकरखाली.

तिकडे ठरल्याप्रमाणे दीपमाला काकासाहेबांच्या घराकडे पळाली होती आणि माऊली मामांना उठवायला. आता ती सगळी येईपर्यंत ड्रायव्हरला थोपवून धरायचं होतं.

ड्रायव्हरनं मागं वळून मेंढ्या पाहिल्या. “ए पोरी! हटव ती जनावरं! चल हट!” असं म्हणत तो शिडीवर पाय ठेवून उतरू लागला.

सत्यमनं बाभळीचं खोड घट्ट धरलं. माणूस चांगला आडदांड होता. तो खाली उतरला असता तर दोन मिनिटांत मेंढ्या हाकलून पसार झाला असता. सत्यमला पळून जावंसं वाटलं. पण तोंडानं नेहमीसारखंच काम केलं!

“काका, उतरू नका!” तो ओरडला. “टँकरखाली बिबट्या झोपलाय!”

“काय?”

“हळू बोला! सकाळपासून शोधतायत त्याला. तहानलेला आहे. सावली बघून तुमच्या टँकरखाली शिरला. मी डोळ्यांनी बघितला!”

“चल, थापा मारतो काय!”

“बरं, मग उतरा,” सत्यम म्हणाला. “पण डाव्या बाजूनं उतरा. तोंड उजवीकडे आहे.”

ड्रायव्हर शिडीवरून वाकला. टँकरच्या खालून एक पिवळी, जाडजूड शेपटी बाहेर आली होती. त्याच क्षणी झोपमोड झाल्यामुळं सुलतान वैतागून गुरगुरला. रिकाम्या होत चाललेल्या टाकीखाली ती गुरगुर अशी काही घुमली की सत्यमलासुद्धा क्षणभर वाटलं, खरंच बिबट्या आहे की काय!

ड्रायव्हर एका उडीत पुन्हा टाकीवर!

पण मे महिन्यातला दुपारचा पत्रा तो! आणि घाईत याच्या चपला शिडीवरून खाली पडलेल्या! “आई गं! हाय हाय!” करत तो कधी या पायावर, कधी त्या पायावर नाचू लागला. सुकेशनी तोंडात ओढणीचं टोक कोंबून हसत होती.

“काका, नाचू नका, तो जागा होईल!” सत्यम गंभीरपणे म्हणाला.

“कुणाला तरी बोलाव रे बाबा!”

“बोलावलंय काका. येतीलच सगळे.”

आणि खरंच, “माझ्या मोसंबीत मेंढ्या! कुणी घातल्या मेंढ्या?” अशी आरोळी ठोकत काकासाहेब काठी घेऊन धावत आले. त्यांच्या मागं दीपमाला. तिनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या मोसंबीत साठ मेंढ्या शिरल्यात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं! दुसऱ्या बाजूनं मामा आले, डोक्यापासून छातीपर्यंत भिजलेले. हाका मारून ते उठले नाहीत, तेव्हा माऊलीनं सरळ तांब्या ओतला होता!

काकासाहेबांनी उगारलेली काठी हळूहळू खाली आली. त्यांनी पाइप पाहिला. पाइपातून गळणारं निळं पाणी पाहिलं. मग डोहापलीकडे, खाली दोनशे पावलांवर असलेल्या गावच्या विहिरीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“सोमनाथ,” ते मामांना म्हणाले, “तालुक्याला फोन लाव.”

शुक्रवारी सकाळी पारावर गाव जमलं. तपासणीला आलेल्या साहेबीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढं ड्रायव्हर होता आणि त्याचा मालक. या मालकाची हायवेला एक पत्र्याची शेड होती. नायलॉनच्या दोऱ्या रंगवण्याचं काम तिथं परवानगीशिवाय चालायचं.

“मॅडम,” मालक हात जोडून म्हणाला, “आमचा टँकर डोहातलं पाणी भरून न्यायला आला होता. पाणी आधीच निळं असेल, आम्हाला काय माहीत? आणि साक्षीदार कोण, तर हे पोरगं! माझ्या ड्रायव्हरला म्हणालं, टँकरखाली बिबट्या आहे! विचारा गावाला, या पोरावर कोण विश्वास ठेवतं?”

पारावर खसखस पिकली. “पाणघोडा!” मागून कोणीतरी बोललं.

सत्यमचे कान गरम झाले. त्यानं रानाकडे पाहिलं. बानाबाईंच्या घोड्यावर सामान लादून तयार होतं. सुकेशनी आजारी कोकराला उराशी धरून उभी होती. आज इथं आपलं बोलणं पटलं नाही, तर तो कळप भर उन्हात रोगाचं नाव घेऊन निघणार होता. आता गोष्टीला जोड द्यायची नव्हती.

“इकडे ये बाळ,” साहेबीणबाई म्हणाल्या. “किती मेंढ्या निळ्या झाल्या?”

दीपमालानं श्वास रोखला. माऊलीनं डोळेच मिटून घेतले.

“अकरा,” सत्यम म्हणाला. “आजारी कोकरं दोन. टँकर मी मंगळवारी ऐकला, दोन वाजून दहा मिनिटांनी. गुरुवारी डोळ्यांनी बघितला. बुधवारी आला नव्हता. बागेत चाकाच्या खुणा आहेत, मंगळवारी मोजल्या. जाताना चार बोटं खोल, येताना दोन.”

“आणि बिबट्या?”

“बिबट्या नव्हता. सुलतान होता, बानाआजींचा कुत्रा. ती थाप होती. मला दुसरं काही सुचलं नाही.”

“हे मी लिहून घेऊ?”

“घ्या,” सत्यम म्हणाला. मग जरा थांबून, “आणखी एक. डोह खाली, टँकर वर. पाणी वर चढवायला मोटर लागते. आमच्या कॉलनीतल्या टँकरवर आहे. ह्यांच्या टँकरवर मोटर नाही. मग हे पाणी भरणार होते कसे?”

ड्रायव्हरनं मालकाकडे पाहिलं, मालकानं जमिनीकडे.

साहेबीणबाई उठल्या. डोहाजवळच अडवून ठेवलेल्या टँकरभोवती फिरून त्यांनी मोटर शोधली. ती नव्हतीच! मग बागेत जाऊन त्यांनी सुकायला आलेल्या चिखलात स्वतःची बोटं घातली आणि मोठ्यानं मोजलं, “एक, दोन, तीन, चार. आणि या बाजूला, एक, दोन.” दीपमालानं आपली बाटली, पांढरा रुमाल आणि निळा पुंजका त्यांच्या हातात दिला. टँकरच्या तळाशी उरलेल्या पाण्याची बाटली त्यांनी तिच्याशेजारी धरली. एक फिकी, एक गडद. पण निळा तोच!

“या मुलाचा एकही आकडा चुकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “रोग कसला! हा रंग आहे. आणि तो ज्यांनी टाकला, त्यांची शेड आजच बंद होईल. तपासणी होईपर्यंत विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका.”

काकासाहेब पुढं आले. गावात त्यांना मान खाली घालून उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. “बानाबाई, चूक माझी आहे. वाट मी दिली आणि एकदा जाऊन बघितलंसुद्धा नाही. सामान उतरवा. पाऊस पडेपर्यंत रान तुमचंच. कोकरांना पाणी माझ्या वरच्या विहिरीचं न्या.” मग त्यांनी सत्यमच्या पाठीवर हात ठेवला. “आणि तू, पाणघोडे... नाही, सत्यमराव! तुमचं नाव आता मला पटलं.”

बानाबाईंनी सत्यमच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “पोरगं लई थापाडं हाय,” त्या म्हणाल्या, “पर मोजमापाचं पक्कं हाय!”

जूनमध्ये शाळा सुरू झाली. अभय सरांनी सातवीच्या वर्गाला पहिलाच निबंध दिला, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. सत्यमनं चार पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी सरांनी वही परत दिली. खाली शेरा होता, ‘कल्पनाशक्ती सुंदर! पण निबंधात खरी माहिती लिहावी.’

वर्ग हसला. सत्यमही हसला. मग त्यानं दप्तरातून हातभर लांबीची घोंगडीची एक पट्टी काढून सरांच्या टेबलावर ठेवली. कातरणी झाल्यावर बानाबाईंनी ती मुद्दाम विणून घेतली होती. काळ्या लोकरीच्या मधोमध निळीशार रेघ होती. पट्टीच्या घडीत एक चिठ्ठी होती, दीपमालाच्या अक्षरात. ‘विहिरीचं पाणी चांगलं निघालं. दोन्ही कोकरं बरी आहेत. सुकेशनी म्हणते, सुलतानला हल्ली बिबट्या म्हटलं तरच तो ओ देतो.’

सरांनी पट्टीवरून हात फिरवला. चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“म्हणजे हे सगळं खरं आहे?”

“हो सर. एक सोडून.”

“कोणतं?”

सत्यमनं वही उघडून तिसऱ्या पानावरची एक ओळ दाखवली. ‘ड्रायव्हर शिडीवरून उतरू लागला तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.’

“ही,” तो म्हणाला, “थाप नंबर अठरा.”